आंबेडाळ, पन्हं आणि माझा डावा पाय

परवा कल्याणला पालकांच्या एका बैठकीत एका तरुण आईने मला विचारलं, "आजी, तुमच्या लहानपणी ना असे गट होते, ना कुणी सल्ला देणारं. मग तुमच्या आईला मदत कुणाची होती?"

मी म्हटलं, "आंबेडाळीची."

सगळ्या हसल्या. म्हातारीने प्रश्न टोलवला असं त्यांना वाटलं. टोलवला नव्हता, पण ती गोष्ट उभ्या उभ्या सांगण्यासारखी नव्हती, आणि त्या आईच्या मांडीवरचा मुलगा पेंगुळला होता. म्हणून इथे सांगते. ज्यांच्या घरात चालता न येणारं, बोलता न येणारं किंवा लोकांना नुसतं बघून 'अरेरे' वाटणारं मूल आहे, त्यांच्यासाठी हे आहे. औषधं यात नाहीत. ती आता तुमच्याकडे आमच्यापेक्षा पुष्कळ चांगली आहेत.

ताप उतरला

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. डोंबिवली तेव्हा खरोखरच गाव होतं. स्टेशनाबाहेर दोन-चार टांगे, एक चहाचं दुकान, आणि त्यापुढे भातशेती सुरू. आमची चाळ बैठी, चार बिऱ्हाडांची. पुढे ऐसपैस अंगण, अंगणात शेवगा, मागे विहीर. बाबा ठाण्याच्या एका गिरणीत कारकून होते. शेजारी गोदाकाकू राहायच्या. त्यांच्या घरात काय शिजतंय ते आम्हाला वासाने कळायचं आणि आमच्या घरात काय चाललंय ते त्यांना न सांगता कळायचं.

मी दुसरीत होते. श्रावणात मला ताप आला, चांगला सणसणून आला आणि उतरला. उतरला म्हणून आईने शिरा केला. शिऱ्याच्या वासाने मी अंथरुणातून उठले आणि तिथेच कोसळले. डावा पाय माझा नव्हताच.

"आई, पाय झोपलाय," मी म्हणाले.

"झोपू दे, होईल जागा," गोदाकाकू दारातून म्हणाल्या. मग त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली आणि तेल कोमट करून पाय चोळ चोळ चोळला. पुढे कळलं की त्या दिवसांत पाय चोळू नये. काकूंना कोण सांगणार? जीव लावणारी माणसं हाताशी असेल ते करतात. मला मात्र त्या तेलाचा वास अजून आवडतो.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघ्यावर ठोकून पाहिलं, तळव्याला गुदगुल्या केल्या, आणि बाबांना म्हणाले, "लहान मुलांचा लकवा. पोलिओ म्हणतात याला."

आईने विचारलं, "किती दिवसांत उतरेल?"

"बाई, ताप उतरला. हा उतरत नाही. हा राहतो."

बाबांनी मला नेहमीसारखं खांद्यावर घेतलं. माझा उजवा पाय त्यांच्या छातीशी घट्ट बसला आणि डावा नुसता लोंबत राहिला. स्टेशनपर्यंत तो पाय त्यांनी हातात धरून ठेवला होता. मला भीती वाटली ती पायाची नव्हे. आई एक अक्षर बोलत नव्हती, आणि आमची आई गप्प बसणारी बाईच नव्हती.

ठाण्याचं इस्पितळ

दिवाळीपर्यंत मी ठाण्याच्या इस्पितळात होते. सकाळ झाली की उकळत्या पाण्यातून पिळून काढलेल्या कांबळ्याच्या पट्ट्या पायावर यायच्या. ओल्या लोकरीचा तो वास आणि तो चटका! आम्ही मुलं पट्ट्यांची बादली नुसती दिसली तरी भोकाड पसरायचो. एक पोक्त नर्स होत्या. त्या म्हणायच्या, "रडा, पण एकेकाने रडा, मला कळत नाही कुणाला भाजलं ते." मग आम्ही पाळीपाळीने रडायचो. पाळी येईपर्यंत निम्म्यांचं रडू आटून जायचं.

आयांना फक्त दुपारी आत सोडत. आई डबा घेऊन यायची. शेजारच्या खाटेवर भिमी होती, माझ्याच वयाची, दोन्ही पाय गेलेली. तिचं गाव दिव्याच्या खाडीकाठी. तिची आई जानकीबाई मिठागरात कामाला जायची. खाऱ्या पाण्याने तिच्या पावलांना भेगा पडलेल्या, कपाळ मोकळं. भिमीच्या जन्मानंतर वर्षभरातच तिचा नवरा गेला होता. ती लेकीसाठी तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील आणायची. आमच्या घरात मासे शिजत नसत. मी त्या बोंबलाकडे अशी बघायचे की शेवटी जानकीबाईलाच राहवलं नाही.

"खा गो बाय. बोंबील खाल्ला त पायान जोर येतंय."

मी आईकडे पाहिलं. आईने खिडकीबाहेर पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली. तेवढ्यात माझा बोंबील खाऊन झाला. आई घरी कधी याबद्दल बोलली नाही, मीही नाही. पुढे दुपारी दोघी आया खाटांच्या मधल्या जागेत एकमेकींना टेकून बसायच्या. एकीची लेक झोपली की दुसरी तिच्यावर लक्ष ठेवायची, म्हणजे पहिलीला डोळा लागायचा.

आतली खोली

घरी आले ती पायात लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचा बूट घेऊन. बघायला सगळं गाव लोटलं. कुणी म्हणे हिला मासोळीचं तेल द्या, कुणी म्हणे कुलदैवताचं काही राहिलंय. एक बाई माझ्यादेखत म्हणाल्या, "मुलीची जात, आता हिचं कसं व्हायचं?" त्या दिवसापासून दारात चपला वाजल्या की मी सरपटत आतल्या खोलीत जायचे आणि गोधडी डोक्यावरून घ्यायचे.

आई येऊन गोधडी ओढायची. "सुमे, आत बसून कुणाचा पाय बरा झालाय? चल बाहेर."

बाबा मात्र मला आत बसू द्यायचे. खांद्यावर बसवून बाहेर नेणं त्यांनी सोडलं होतं. ते निष्ठुर होते असं कुणी समजू नये. त्यांना माझ्याकडे बघणाऱ्या लोकांकडे बघवत नसे.

संक्रांत झाल्यावर आई मला पाठुंगळी घेऊन शाळेत गेली. जूनपासून तिसरीत बसवा म्हणाली. हेडमास्तर सभ्य गृहस्थ. माझ्याकडून पाढे म्हणवून घेतले, वाचून घेतलं. म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो, बाई. पण तिसरीचा वर्ग माडीवर. जिना हा असा. एका मुलीसाठी अख्खा वर्ग खाली कसा आणू?"

घरी बाबा म्हणाले, "अगं, तूच शिकव घरी. तुला सगळं येतं. तिची शोभा कशाला?"

"शोभा कसली? आणि तुम्हाला बघवत नाही म्हणून तिने जन्मभर घरात बसायचं?"

यावर दोघांचा अबोला झाला. अबोल्यात सगळे निरोप माझ्यामार्फत. "सुमे, वडिलांना सांग पान वाढलंय." "सुमे, आईला सांग आमटीत मीठ नाही." आमटीत मीठ असायचं, मी चाखलेलं असायचं. पण सांगायचे. त्या घरात सगळ्यांत जास्त धावाधाव माझीच चालली होती.

हसते आता. तेव्हा हसू येत नव्हतं. आजारपण एका अंगात शिरतं आणि घरभर पसरतं. एकमेकांवर जीव असलेली माणसं भिंतीकडे तोंड करून झोपतात. तुमच्या घरात हे चाललं असेल तर घाबरू नका. आमच्या घरातही चाललं होतं, आणि ते घर मोडलं नाही.

दुपटी

फाल्गुनात मालतीबाई आमच्या दाराशी आल्या. मुंबईत समाजसेवेचं शिक्षण घेत होत्या. तरुण, जाडंभरडं पातळ, हातात छत्री. लुळ्यापांगळ्या मुलांच्या घरच्यांना काय लागतं, त्यांचं कसं चालतं, याची त्या घरोघर पाहणी करत होत्या. ठाणे, कल्याण, डोंबिवली पायी पालथं घातलं होतं. आईने पाणी दिलं तशा ओटीवर बसल्या आणि एकदम रडकुंडीलाच आल्या.

"सगळीकडे एकच उत्तर मिळतं, वहिनी. आमच्याकडे असं कुणी नाही. आणि आतून मुलाचा आवाज येत असतो."

आई खळखळून हसली. किती महिन्यांनी! "अहो, तुम्ही दारात उभं राहून विचारता, घरात अपंग आहे काय? उद्या मला कुणी दारात विचारलं, तुमच्या घरात चोर आहे काय, तर मी काय सांगू? बायकांना बोलतं करायचंय ना? मग चैत्र येतोय. हळदीकुंकू करू."

"पण बोलावणार कुणाला? घरं कुठली ते कळायला नको?"

"ते विहिरीवर विचारा. ज्या घरात तान्हं मूल नाही आणि रोज दोरीवर दुपटी वाळतात, ते घर."

मालतीबाईंनी छत्री उचलली. मग दोघी निघाल्याच. आई मला पाठुंगळी घेई, कुंकवाचा करंडा माझ्या हातात, छत्री धरून मालतीबाई शेजारी. दुपटी दिसली की त्या दारी जायचं. आई त्या घरच्या बाईला कुंकू लावायची आणि म्हणायची, "आमच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला या. आणि आत जे कोण आहे त्यालाही आणा." बाई काही बोलायच्या आत तिची नजर माझ्या बुटाकडे जायची. पुष्कळ जणींनी "बघू" म्हटलं. एकीने दार लावून घेतलं. एकीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि तशीच उभी राहिली. कल्याणच्या निर्वासित कँपातल्या एका सिंधी बाईने आम्हाला आत बसवून पापड आणि पाणी दिलं आणि तिच्या भाषेत इतकं काही सांगितलं, की आम्हाला शब्द कळले नाहीत तरी सगळं कळलं.

त्याच सुमारास बूट तपासायला आम्ही ठाण्याला गेलो. तिथे भिमी भेटली. आई उत्साहाच्या भरात जानकीबाईला म्हणाली, "हळदीकुंकवाला नक्की यायचं हं! भिमीला घेऊन." जानकीबाईने नुसती मान हलवली. आईच्या लक्षात आलं नाही आपण काय बोललो ते.

चैत्रगौर

आईने गौर झोपाळ्यात बसवली. पुढे कलिंगड कातरून ठेवलं, करंज्या मांडल्या, भिजवलेल्या हरभऱ्यांचं पातेलं भरलं. वाटली डाळ, त्यात किसलेली कैरी, वरून हिंग-मोहरीची फोडणी. मोठ्या पितळी घागरीत पन्हं. बाबा म्हणाले, "बायकांत माझं काय काम," आणि ओटीच्या टोकाला वर्तमानपत्र उघडून बसले.

दुपार कलली तरी कुणी नाही. गोदाकाकू म्हणाल्या, "तरी मी सांगत होते." तेवढ्यात टांगा वाजला. कल्याणहून एक बाई आली, तिच्या मांडीवर मान न धरणारा चांगला मोठा मुलगा. मग गावातली एक, मग आणखी एक, मग सिंधीण बाई पापडांची चळत घेऊन. आमची पुढची खोली भरली. सतरंजीवर एका ओळीत आम्ही मुलं. मला आजवर वाटत होतं की असा पाय जगात मला आणि भिमीलाच आहे. त्या दिवशी मी इतके वाळके, वाकडे, लुळे पाय पाहिले, की माझा मला अगदीच साधा वाटला. माझ्या बुटाचा तर एकाने हेवा केला.

मालतीबाईंनी विचारलं, "तुम्हाला सगळ्यांत जास्त कशाची गरज आहे?" त्यांना वाटलं होतं बायका औषध म्हणतील, डॉक्टर म्हणतील. कल्याणची बाई म्हणाली, "मला भावाच्या लग्नाला जायचंय. याला एक दिवस कोण बघेल?" दुसरी म्हणाली, "आंघोळ घालताना आता उचलवत नाही हो." तिसरी म्हणाली, "सासूबाई म्हणतात माझ्या पायगुणाने झालं. तसं नाही, एवढं कुणीतरी घरी येऊन सांगा." मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, रडल्या, आणि रडता रडता डाळ छान झालीय म्हणाल्या.

आई करंडा घेऊन कुंकू लावत लावत दारापर्यंत आली, तर उंबऱ्याशी भिमी बसलेली. एकटीच.

"अगं, तू कधी आलीस? आई कुठेय?"

"आय भायेर बसलीय," भिमी म्हणाली. "कुकवाचे घरान ती येत नाय."

मी दारातून पाहिलं. अंगणाच्या पार टोकाला, शेवग्याखाली, जानकीबाई पाठमोरी बसली होती. स्टेशनापासून लेकीला पाठीवर आणलं होतं, उंबऱ्यावर ठेवलं होतं आणि आपण लांब जाऊन बसली होती, आपली सावली गौरीच्या दारावर पडायला नको म्हणून.

आईचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. आत बसलेल्यांना बाहेर काढायला निघालेली माझी आई. आणि तिनेच बोलावणं असं केलं होतं की एका आईला बाहेरच बसावं लागलं.

तिने करंडा मिटला आणि फडताळात ठेवून दिला. "कुंकू झालं," ती म्हणाली. "आता पन्हं अंगणात. सगळ्यांनी चला."

"अगं, आजच्या दिवशी असं..." गोदाकाकू म्हणाल्या. "मी नाही हो यायची. गौरीपाशी बसते."

"बसा," आई म्हणाली. ती पन्ह्याची घागर उचलायला वाकली. पण घागर भरलेली होती, तिला हलेना. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणीच पुढे येईना.

तेव्हा ओटीवरचं वर्तमानपत्र खाली झालं. बाबा उठले, धोतराचा सोगा खोचला, बायकांच्या मधून वाट काढत आले आणि घागर उचलून सरळ शेवग्याखाली नेऊन ठेवली. परत आले ते माझ्याकडे. मला उचललं आणि खांद्यावर बसवलं. कितीतरी महिन्यांनी. सगळ्यांदेखत, बुटासकट.

जानकीबाई गडबडून उठली. "नको बाय, माज्यामुलं..."

"चूक माझी झाली, जानकीबाई," आई म्हणाली. "पेला धरा."

पहिला पेला तिने घेतला. मग सगळ्या बायका आपापली मुलं घेऊन अंगणात आल्या. रस्त्याने जाणारे येणारे थांबून बघत होते, आणि बघू देत म्हणून आम्ही पन्हं पीत होतो.

जिना

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी डोंबिवलीतल्या त्या सगळ्या आया मुलांना घेऊन शाळेच्या जिन्यावर बसल्या. घोषणा नाहीत, काही नाही. पायरी-पायरीवर एक आई आणि एक मूल. मालतीबाई खाली उभ्या. हेडमास्तर आले आणि थबकले.

"एवढी मुलं आपल्या गावात आहेत?"

"एकच आहे असं कोण म्हणालं होतं?" आई म्हणाली.

मास्तरांनी खालपासून वरपर्यंत पायऱ्या मोजल्या. शेवटी म्हणाले, "वर्ग खाली आणतो. पण आधी जिना मोकळा करा, पोरांना वर जायचंय. आणि हिला रोज आणायचं-न्यायचं कोण?"

"मी आणीन," मागून बाबा म्हणाले. ते सायकल घेऊन फाटकाशीच उभे होते. त्यानंतर रोज सकाळी मला सायकलच्या कॅरियरवर बसवून, शाळेत सोडून, मग ते ठाण्याची गाडी पकडायचे.

सगळ्यांचं चांगलं झालं असं मी सांगणार नाही. कल्याणचा तो मान न धरणारा मुलगा पुढच्या पावसाळ्यात गेला. पण त्याआधी त्याची आई भावाच्या लग्नाला जाऊन आली होती. त्या दिवशी त्याला आमच्या आईने सांभाळलं. भिमी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली आणि हाताने फिरवायच्या मशीनवर शिवायला लागली. मालतीबाईंचा अहवाल कुठल्या कपाटात गेला मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की नोकरी लागल्यावरही त्या दर चैत्रात यायच्या. आणि आईचं बोलावणं तेव्हापासून बदललं. करंडा घरात राहिला. ती नुसतं म्हणायची, "पन्ह्याला या." तिसऱ्या वर्षी गोदाकाकूही अंगणात आल्या, आत फार उकडतं म्हणाल्या.

शेवटचं

मी मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात असताना, एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीला, माघात बाबा गेले. छातीत कळ आली आणि गेले. सायकल कितीतरी दिवस भिंतीला टेकून उभी होती.

चैत्र आला. आईने कसलीच तयारी केली नाही, कुणाला बोलावलंही नाही. पण बायका न बोलावता आल्या. कुणी डाळ वाटून आणली, कुणी कैऱ्या. पन्हं मी केलं. गौर गोदाकाकूंनी मांडली. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. "मी कशी येऊ गं आता," एवढंच म्हणाली. एरवी सगळ्या जगाला बाहेर ओढणारी बाई!

मी बूट वाजवत आत गेले. म्हटलं, "आई, आत बसून कुणाचं काय बरं झालंय?"

ती हलली नाही. मग माझ्यामागून जानकीबाई आली, हातात पेला घेऊन. आमच्या घराचा उंबरा ती कधीच ओलांडत नसे. अंगण एवढंच तिचं. त्या दिवशी ती थेट आतल्या खोलीत आली आणि आईशेजारी खाली बसली, इस्पितळातल्या खाटांच्या मध्ये बसायची तशी, टेकून.

"बाय," ती म्हणाली, "तवा पयला पेला मना दिलाव. आज पयला तुमचा. धरा."

आईने तिच्याकडे पाहिलं. दोघींची कपाळं मोकळी. मग तिने पेला धरला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सुमे, गूळ कमी पडलाय गं."

ती उठली, डोळे पुसले, फडताळातून गुळाचा डबा काढला आणि अंगणात गेली.